बोटाच्या पेराएवढ्या फुलासाठी कोणता कॅमेरा?

पत्र: "मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीचं पठार आमच्या शाळेपासून जवळ आहे. गेली चार वर्षं ऑगस्ट-सप्टेंबरात सहावी-सातवीच्या मुलांना घेऊन पठारावर जाते. मुलं फुलांची नोंदवही करतात. सीतेची आसवं, दवबिंदू, गेंद, कवला, तेरडा अशी नावं आता त्यांना तोंडपाठ झाली आहेत. नोंदवहीत चित्रं मुलंच काढतात. फोटो मात्र माझ्या मोबाईलवर काढते आणि ते नीट येत नाहीत. जवळ गेलं की फूल धूसर होतं, आणि पाऊस लागला की पडदा बोटाचं ऐकत नाही. यंदा वेतनाच्या फरकातले थोडे पैसे कॅमेऱ्यासाठी बाजूला काढले आहेत, पण पुन्हा पुन्हा काढता येणार नाहीत. भाचा पुण्यात शिकतो. त्याच्याकडे जुना कॅननचा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा आहे, दोन लेन्ससकट. तो म्हणतो, 'मावशी, घेतेसच तर डीएसएलआर घे. छोटा कॉम्पॅक्ट घेण्यापेक्षा तुझा मोबाईल बरा.' तो कमी पैशांत द्यायला तयार आहे. साताऱ्यातल्या दुकानदारांचंही तेच म्हणणं पडलं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे फोटोही मलाच काढावे लागतात. काय करू?"

नमस्कार बाई,

कॅमेऱ्याबद्दलची पत्रं येतात तेव्हा बहुतेकांत एकच ओळ असते: 'चांगला कॅमेरा सुचवा.' कशाचे फोटो काढायचे, कुठे, कोणत्या वेळी, हे लिहिलेलंच नसतं. तुम्ही फुलांची नावं लिहून पाठवलीत आणि माझं निम्मं काम तिथेच झालं.

म्हणून उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. तुम्ही छोटाच कॅमेरा घ्या. मात्र दुकानात दिसेल तो कुठलाही छोटा नको. पाण्यात चालणारा आणि फुलाच्या अगदी अंगाशी जाऊन फोकस करणारा हवा. भाच्याचा डीएसएलआर विकत घेऊ नका. स्नेहसंमेलनापुरता मागून घ्या.

भाचा चुकीचं बोलत नाही, हेही लगेच सांगायला हवं. तो ज्या प्रकारचे फोटो डोळ्यापुढे आणून बोलतोय, त्यासाठी त्याचं म्हणणं सोळा आणे खरं आहे. डीएसएलआरमधला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा तुकडा, साधारण २२ मिलिमीटर रुंद आणि १५ मिलिमीटर उंच असतो. खिशात मावणाऱ्या बहुतेक कॉम्पॅक्टमध्ये तो ६.२ बाय ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा असतो. क्षेत्रफळात बारा पटींचा फरक. पाऊस पडत असताना अंगणात पातेलं ठेवलं आणि शेजारी वाटी ठेवली, तर पाणी जास्त कशात साठेल हे मुलंही सांगतील. प्रकाशाचंही तसंच. संध्याकाळी, मांडवात, रंगमंचावर, दिवेलागणीनंतर मोठा सेन्सर स्वच्छ चित्र देतो आणि छोट्याच्या चित्रात रवा सांडल्यासारखे दाणे दिसायला लागतात. मोबाईलचा सेन्सरही छोटाच, पण त्याच्यामागे बलवान प्रोसेसर असतो. तो एका क्षणात अनेक चित्रं घेऊन ती एकमेकांवर बसवतो. म्हणून साधे कॉम्पॅक्ट कॅमेरे मोबाईलपुढे टिकले नाहीत, आणि म्हणून भाचा म्हणतो की मोबाईल बरा.

पण बाई, तुमचं फूल बोटाच्या पेराएवढं आहे आणि जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे. इथे हिशेब उलटा होतो.

सीतेची आसवं डोळ्यापुढे आणा. निळसर जांभळं फूल, जेमतेम सेंटिमीटरभर. वर एक लहानसा ओठ, खाली पसरलेला मोठा ओठ, त्याच्या घशाशी पांढरट डाग, आणि फुलाच्या मागून खाली आलेली टोकदार शेपटीसारखी पुंगळी. मुलांना हे फूल ओळखायला आणि त्याच्या भाऊबंदांपासून वेगळं करायला शिकवायचं, तर ओठही रेखीव दिसायला हवा आणि मागची पुंगळीही. म्हणजे पुढून मागे जवळजवळ सेंटिमीटरभर खोली एका फोटोत स्पष्ट यायला हवी. एवढ्या जवळून मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्याला हे जड जातं. तो ओठ स्पष्ट दाखवतो आणि पुंगळी लोण्यासारखी विरघळवून टाकतो. लग्नातल्या फोटोत नवरीच्या मागची गर्दी अशी विरघळली की आपण खूश होतो. नोंदवहीतल्या फुलाची पुंगळी विरघळली तर फोटो निकामी.

छोट्या सेन्सरला ही खोली आपसूक मिळते. त्याने एफ २.८ या छिद्रावर (एफचा आकडा वाढला की छिद्र लहान होतं) जेवढी खोली स्पष्ट टिपली, तेवढीच टिपायला डीएसएलआरला छिद्र लहान करत एफ १० किंवा ११ पर्यंत जावं लागतं. छिद्र लहान केलं की प्रकाश साधारण चौदा पट कमी आत येतो. ढगाळ दुपारी, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) १०० वर ठेवून, छोटा कॅमेरा एफ २.८ ला सेकंदाच्या सुमारे पाचशेव्या भागात फोटो घेतो. डीएसएलआरला एफ ११ वर सेकंदाचा तिसावा-पस्तिसावा भाग लागतो. आता चाळकेवाडीचा वारा आठवा. पवनचक्क्या तिथे उगाच उभारलेल्या नाहीत. त्या वाऱ्यात नाजूक देठावरचं फूल सेकंदाच्या तिसाव्या भागात केवढं हलतं! पाचशेव्या भागात ते थांबल्यासारखं मिळतं.

डीएसएलआरवाला आयएसओ वाढवून शटर वेगवान करू शकतो. पण ते वाढवत १४००-१६०० पर्यंत नेलं की त्याच्याही चित्रात दाणे येतात आणि मोठ्या सेन्सरचा जो फायदा होता तोच खर्ची पडतो. एवढ्या छोट्या फुलासाठी, एवढी खोली हवी असताना, दोघे जवळजवळ बरोबरीला येतात. मग किलोभर वजन आणि दोन लेन्सची बॅग कशासाठी वाहायची?

शिवाय भाच्याकडच्या दोन लेन्स या फुलापर्यंत पोचतच नाहीत. डीएसएलआरबरोबर येणारी १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स साधारण २५ सेंटिमीटरच्या आत फोकस करत नाही, आणि तेवढ्या जवळूनही चौकटीत सहा सेंटिमीटर रुंदीचा तुकडा येतो. आपलं सेंटिमीटरभराचं फूल त्यात मधोमध ठिपक्यासारखं दिसतं. दुसरी लांब लेन्स असेल ती ५५-२५०. तिला तर जवळजवळ मीटरभर अंतर लागतं. खरं काम होतं ते मॅक्रो लेन्सने, म्हणजे अगदी जवळून फोकस करणाऱ्या खास लेन्सने, आणि चांगली मॅक्रो लेन्स बहुतेक वेळा जुन्या डीएसएलआरच्या बॉडीपेक्षा महाग पडते. भाचा स्वस्तात देतोय तो कॅमेरा. मॅक्रो लेन्स त्यात नाही, आणि तुमचे पैसे एकदाच निघणार आहेत.

आणखी एक कारण आहे. माझ्या लेखी तेच सगळ्यात मोठं.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी डीएसएलआर आणि मॅक्रो लेन्स घेऊन असाच एका पठारावर गेलो होतो. माझ्या त्या डीएसएलआरचं चित्र मागच्या छोट्या खिडकीतून डोळा लावून बघावं लागायचं. फूल वीतभर उंचीवर, म्हणजे डोळाही वीतभर उंचीवर न्यावा लागतो. प्लॅस्टिकचा कागद अंथरला, पालथा झोपलो. दवबिंदू या कीटक खाणाऱ्या झाडाच्या एका पानावर चिकटलेला डास मिळाला होता. कोपरं इकडे सरकव, गुडघा तिकडे सरकव, वारा थांबायची वाट बघ, असं करत वीसेक मिनिटं गेली. फोटो फार छान आला. उठलो, कागद उचलला, आणि खाली माझ्या अंगाच्या आकाराचा चट्टा पडलेला. गेंदाची पांढरी बोंडं चिखलात दाबलेली, आसवांचे देठ आडवे, त्यांच्या खालची ती पातळशी काळी माती कागदाला चिकटून वर आलेली. जांभ्यावरची ती माती बोट-दोन बोटं जाडीची असते. तिच्यात पाणी चार महिनेच असतं आणि त्या चार महिन्यांत या फुलांना उगवून, फुलून, बी टाकून मोकळं व्हायचं असतं. मी ज्या फुलांवर झोपलो त्यांचं त्या वर्षीचं बी गेलं. त्या दिवसापासून पठारावर मी पालथा झोपलेलो नाही.

तुमच्या मागे तीस मुलं असतात. बाई जे करतील ते मुलं करतात. बाई खडकावर उकिडव्या बसल्या, हात लांब करून छोटा कॅमेरा फुलाजवळ नेला आणि फोटो घेऊन तसाच हात मागे घेतला, तर मुलंही खडकावरूनच बघायला शिकतील. अडीचशे ग्रॅमचा कॅमेरा एका हाताने असा लांब धरता येतो. किलोभराचा धरता येत नाही. १८-५५ ची लेन्स लावलेला छोटा डीएसएलआर उचलून धरणं जमेल, पण फोकस साधताना हात थरथरतो.

आता पाऊस. नवशिक्यांसाठीचे डीएसएलआर पावसासाठी बनवलेले नसतात. बटणांच्या फटीतून, लेन्स बसते त्या कड्यातून पाणी आत जातं. धुक्यात लेन्स बदलायची म्हणजे सेन्सरवर दमट हवा बसवायची. प्लॅस्टिकची पिशवी बांधून काम भागवता येतं, मीही भागवलं आहे, पण तीस मुलांवर लक्ष ठेवणाऱ्या माणसाने पिशवी सांभाळू नये. तुम्हाला ओल्या हाताने खिशातून काढता येईल, फोटो घेऊन तसाच ओला परत खिशात टाकता येईल, असं यंत्र हवं. मोबाईलच्या पडद्याला थेंब आणि बोट यांतला फरक कळत नाही. या कॅमेऱ्यांना दाबायची बटणं असतात. पावसात त्याची किंमत कळते.

असे कॅमेरे मिळतात कोणते? ऑलिंपसची टीजी ही मालिका यासाठी सगळ्यात योग्य वाटते. टीजी-६ हा २०१९ चा. पुढे ऑलिंपसचा कॅमेऱ्यांचा व्यवसाय वेगळ्या कंपनीकडे गेला आणि २०२३ मध्ये टीजी-७ हा ओएम सिस्टिम या नावाने आला. दोघांत तुमच्या कामाच्या दृष्टीने मोठा फरक नाही, त्यामुळे टीजी-६ नीट अवस्थेत आणि बऱ्या किमतीला मिळाला तर खुशाल घ्या. १२ मेगापिक्सेल, पंधरा मीटर खोल पाण्यापर्यंत चालणारा, वजन अडीचशे ग्रॅमच्या आसपास. त्यात मायक्रोस्कोप नावाचा मोड आहे. त्यावर लेन्सपासून तीस सेंटिमीटरपासून थेट एक सेंटिमीटरपर्यंत फोकस होतो. दवबिंदूच्या पानावरच्या केसांच्या टोकाला असलेला चिकट थेंब, त्यातलं आभाळाचं प्रतिबिंब, एवढं दिसतं. मुलांना ते पहिल्यांदा दाखवाल तेव्हा त्यांचे चेहरे बघा. त्याला पर्याय रिकोची डब्ल्यूजी मालिका. तिच्या डब्ल्यूजी-६ मध्ये लेन्सभोवती सहा बारीक दिवे आहेत. जवळ गेल्यावर कॅमेऱ्याचीच सावली फुलावर पडते, तेव्हा ते कामाला येतात. टीजीसाठी असाच प्रकाश गोल पसरवणारी चकती वेगळी मिळते. परवडली तर तीही घ्या.

किमती मी मुद्दाम लिहीत नाही, त्या महिन्यागणिक बदलतात. पण हे कॅमेरे साताऱ्यात समोर मांडलेले दिसतीलच असं नाही. मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाइन मागवावे लागतील. मागवताना बिलावर भारतातली वॉरंटी आहे का हे आधी विचारा. परदेशातून आणलेला माल स्वस्त दिसतो, पण बिघडला की दुरुस्तीसाठी दारोदार फिरावं लागतं. आणि १६ मेगापिक्सेल, २० मेगापिक्सेल असे आकडे दाखवून कुणी साधा कॉम्पॅक्ट गळ्यात मारायला बघेल, तर घेऊ नका. तुमच्या नोंदवहीच्या पानाला १२ मेगापिक्सेल पुरून उरतात.

या कॅमेऱ्यांत जे नाही तेही ऐकून घ्या, म्हणजे नंतर वाईट वाटणार नाही. झूम चार-पाच पटच आहे, त्यामुळे पठारावरचा चंडोल दिसला तर तो ठिपकाच राहील. पडदा वळत नाही. खाली धरलेल्या कॅमेऱ्यात काय दिसतंय हे बघायला मान वाकडी करावी लागते. त्यावर उपाय आहे: टीजी वायफायने मोबाईलला जोडता येतो, मग कॅमेरा फुलाशी आणि चित्र हातातल्या मोबाईलवर. पाऊस थांबलेला असेल तेव्हा एखाद्या मुलाच्या हातात मोबाईल द्या, तो सांगेल फूल चौकटीत आलं की नाही. आणि अंधारात हा कॅमेरा लंगडा पडतो. स्नेहसंमेलनाला याचा उपयोग नाही.

स्नेहसंमेलन वर्षातून एकदा, तेही डिसेंबर-जानेवारीत. त्या एका संध्याकाळीसाठी कॅमेरा घेऊ नका. भाच्याचा कॅमेरा खरा तिथे लागतो. त्याला म्हणावं, त्याबरोबर ५० मिलिमीटर एफ १.८ ही लेन्स कुणाकडून तरी मागून आण. कॅननच्या लेन्समध्ये ही सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी आहे, मित्रांपैकी कुणाकडे तरी सापडेल. बरोबर आलेली १८-५५ ची लेन्स ५५ ला एफ ५.६ वर अडते. ही त्याच्या नऊ-दहा पट प्रकाश आत घेते. फ्लॅश न टाकता नाचणाऱ्या मुलांचे चेहरे मिळतील. तुम्ही मला पत्रात फुलांऐवजी स्नेहसंमेलन, दशावतार, कबड्डीचे सामने किंवा पक्षी लिहिले असते, तर मी भाच्याच्या बाजूने बोललो असतो.

फुलपाखरांसाठीही भाच्याच्या कॅमेऱ्याचा एक उपयोग सांगून ठेवतो. फुलपाखराच्या एक सेंटिमीटर जवळ कॅमेरा नेता येत नाही, ते उडून जातं. पण ५५-२५० च्या लेन्सच्या पुढे '+२' शक्तीचं क्लोज-अप फिल्टर लावलं, तर अर्ध्या मीटरवरून फोटो घेता येतो. चाळिशीच्या चष्म्याचं भिंग असतं तेच हे, फक्त गोल चकतीत बसवलेलं. लेन्स २५० वर ठेवली की साडेचार सेंटिमीटर रुंदीचा तुकडा चौकटीत येतो, म्हणजे मध्यम फुलपाखरू चौकट भरून. लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलाच्या खुणेपुढे आकडा लिहिलेला असतो, बहुधा ५८. त्याच मापाचं फिल्टर मागा. मॅक्रो लेन्सच्या किमतीच्या मानाने ते किरकोळ खर्चात येतं. ऑक्टोबरात पाऊस ओसरला की भाच्याला चार दिवस बोलवा आणि दोघं मिळून हे करून बघा.

ज्या वाचकांच्या मनात डीएसएलआरच आहे त्यांच्यासाठी थोडं. कॅनन आणि निकॉन या दोघांनी आपलं लक्ष आता आरसा नसलेल्या, मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळवलं आहे. निकॉनचा डी३५०० हा २०१८ चा, कॅननचा ८५०डी २०२० चा, आणि त्या पायरीवर त्यांच्या मागून नवीन डीएसएलआर आला नाही. याचा अर्थ जुने टाकून द्यायचे असा मुळीच नाही. उलट जुन्या बाजारात चांगल्या लेन्स पुष्कळ आणि स्वस्त मिळताहेत. फक्त घेताना लेन्स काढून तिच्यातून मोबाईलचा टॉर्च मारून बघा. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बर्फाच्या नक्षीसारखे धागे दिसले तर ती बुरशी. कोकणात आणि घाटमाथ्यावर एका पावसाळ्यातही ती लागते. बुरशी लागलेली लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका. ती साफ करण्याचा खर्च लेन्सच्या किमतीला भिडतो आणि काचेवरचा लेप खराब झाला असेल तर तो परत येत नाही. मग पांढऱ्या भिंतीचा एक फोटो एफ २२ वर घ्या. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. ती मात्र साफ होते, तेवढ्यासाठी नाही म्हणू नका.

आता कॅमेरा हातात आल्यावरचं, कारण तुमच्या पत्रात मला त्याचीच ओढ दिसली.

बॅटरी आणि कार्डाचं झाकण घरीच उघडा, पठारावर नाही. या कॅमेऱ्याचं पाणी अडतं ते त्या झाकणाच्या आतल्या बारीक रबरी कडीमुळे. तिच्यावर एक केस किंवा वाळूचा कण बसला तरी तिथून पाणी शिरतं. आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरा, कडीवरून कोरडं मऊ फडकं फिरवा, झाकण लावून खटका पक्का बसला का बघा. घरी आल्यावर कॅमेरा स्वच्छ गोड्या पाण्यात बुचकळा, पुसा, आणि पूर्ण कोरडा झाल्यावरच झाकण उघडा. रबरी कड्या वर्षाकाठी बदलून घ्याव्यात असं बनवणारेच सांगतात. पावसाळा संपला की तो हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. पुड्या ओलावल्या की बदला.

जांभळ्या फुलांचे रंग कॅमेरे चुकवतात. आसवं फोटोत निव्वळ निळी दिसायला लागली तर व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांची छटा ठरवणारी सोय, ऑटोवरून काढून ढगाळ किंवा उन्हाच्या खुणेवर ठेवा आणि दिवसभर तोच राहू द्या. निदान सगळ्या नोंदींत रंगाची गफलत एकसारखी राहील. चौकटीत बहुतेक गर्द हिरवळ किंवा माती असली की गेंदासारख्या छोट्या पांढऱ्या फुलांना कॅमेरा जास्त उजेड देतो आणि त्यातले बारकावे जळून जातात. तिथे एक्स्पोजरचा, म्हणजे उजेड कमी-जास्त करण्याचा, आकडा उणे ०.७ वर आणा. मागे काळा खडक असेल तर उणे १ सुद्धा चालेल. कॅमेऱ्यात अनेक फोटो एकावर एक बसवून खोली वाढवणारा मोड आहे, तो मात्र वाऱ्यात वापरू नका. फूल हललं की त्याच्या दोन-दोन कडा दिसतात. सकाळी लवकर, वारा पडलेला असताना तो करून बघा.

एका फुलाचा एक फोटो पुरत नाही, हे नोंदवहीसाठी महत्त्वाचं. फूल समोरून, फूल बाजूने, पान, देठाचा खालचा भाग, आणि ते जिथे उगवलं आहे ती जागा थोडी लांबून. पाण्याच्या डबक्यात आहे की खडकाच्या खाचेत, यावरून कितीतरी जाती वेगळ्या कळतात. एका फोटोत शेजारी शाळेची मोजपट्टी धरा, सेंटिमीटरच्या रेघा दिसतील अशी. मुलांच्या चित्रात आकार चुकतो, तो त्यावरून सुधारता येतो. आणि फोटोसाठी फूल खुडायचं नाही, वाकवायचंही नाही. हे तुम्ही मुलांना सांगतच असाल.

आणखी एक आग्रह आहे. टीजीमध्ये जीपीएस आहे, म्हणजे फोटोबरोबर जागाही नोंदली जाते. तुमच्या शाळेच्या नोंदवहीसाठी ते सोनं आहे, कारण पुढच्या वर्षी त्याच खडकापाशी जाऊन फूल आलं का ते बघता येतं. कारवी सात वर्षांनी फुलते. आज पहिलीतल्या मुलीने बघितलेला बहर तिला पुन्हा आठवीत दिसेल, आणि तेव्हा आजचा फोटो, आजची जागा तिच्या हातात असेल. पण हेच फोटो व्हॉट्सॲपवर किंवा फेसबुकवर टाकताना जागेची नोंद काढून टाका. खरचुडीसारखी दुर्मीळ झाडं, जमिनीवरची ऑर्किड, यांचे कंद उकरून नेणारी माणसं असतात. गावाचं नाव पुरे, खडकाचा पत्ता नको.

तुमचा मोबाईलही घरी ठेवू नका. पठाराचं लांबवरचं दृश्य, सोनकीने पिवळी झालेली उतरण, वहीत तोंड खुपसून चित्र काढणारी मुलं, याला तो या छोट्या कॅमेऱ्यापेक्षा चांगला आहे. कॅमेरा फुलांना, मोबाईल मुलांना, अशी वाटणी करून टाका.

जूनच्या आत कॅमेरा घ्या. पहिल्या पावसात शाळेच्या आवारातच चार-सहा दिवस हात बसवा. बांधावरची गवतफुलं, भिंतीवरचं शेवाळ, शेवग्याच्या पानावरचा थेंब. एक सेंटिमीटरवरून फोकस करायला सवय लागते. कॅमेरा पुढे-मागे किंचित झुलवत राहायचं आणि स्पष्ट दिसलं त्या क्षणी बटण दाबायचं, हे दोन-तीनशे फोटो वाया गेल्यावर जमतं. ते वाया जाऊ द्या, ऑगस्टात एकही जाणार नाही.

भाच्याला नाही कसं म्हणायचं हा प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, पण तो ओळींमधून कळला. त्याला सांगा की कॅमेरा विकू नकोस, मावशीला स्नेहसंमेलनाला तो लागणार आहे आणि तो चालवायला तूही लागणार आहेस. ती ५० ची लेन्स तेवढी आत्तापासून शोधायला लावा.